किडकी दाढ तशीच ठेवली तर संसर्ग मेंदूपर्यंत जातो का? रूट कॅनल करावं की काढून टाकावी?

जातो. आमच्या अण्णांचा गेला होता.

अण्णांचा जन्म चादरीच्या मागावर गेला. डावीकडची वरची दाढ किडलेली. ठणकली की लवंग दाबायची, मशेरी लावायची, फारच झालं तर मेडिकलमधून चार गोळ्या. मी काढून टाका म्हटलं की काका आडवे यायचे, "वरची दाढ काढली की डोळा जातो." मग एक दिवस ठणका आपोआप थांबला आणि काका जिंकले. दाढेतली नस मेली होती, मुळाशी पू तसाच.

गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची थंडीतली सिद्धेश्वर यात्रा, संपला त्या आठवड्यात अण्णांचं डोकं धरलं. ताप नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. एका सकाळी मागावर ताण्यातली तार, म्हणजे उभा धागा, तुटली आणि अण्णांना गाठ मारता येईना. डोळे मिटून मारायचे ती गाठ! उजव्या हाताची बोटं तारेवरून नुसती घसरत होती. आम्हाला वाटलं लकवा. दुपारी फिट आली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या भागात कडीसारखं गोल दिसलं. कवटीला छिद्र पाडून सुईने पू काढला, त्यात तोंडात एरवी राहणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू सापडले. सहा आठवडे शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडाझोल ही जंतू मारणारी औषधं. कान, सायनस, हृदय सगळं तपासून झाल्यावर बोट दाढेवर आलं. ती काढली.

डोळ्याला काहीही झालं नाही. दाढेची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. उलट चेहऱ्याच्या शिरा डोळ्यामागच्या शिरांना जोडलेल्या असतात, त्यामुळे धोका असलाच तर न काढलेल्या दाढेतल्या पूचा. काका अजून म्हणतात, गड्ड्यात थंडी बाधली.

हां, हे क्वचितच होतं, लगेच घाबरू नका. अण्णांना साखर होती, तीही न सांभाळलेली. रूट कॅनल की काढायची ते डॉक्टर एक्स-रे बघून ठरवतील, मुळाचा पू गेल्याशी मतलब. पण दाढ दुखून गेल्यावर डोकं थांबेचना, उलट्या होतायत, हात जड पडतोय, बोलताना शब्द अडतायत, तर दातवाल्याकडे नंबर लावत बसू नका. थेट न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात जा, आणि दाढेचं आपणहून सांगा. आम्हाला डॉक्टर विचारेपर्यंत ते सुचलं नव्हतं.