इशारा क्रीमसाठी की बाटलीसाठी?

प्रश्न : आमचा बचत गट कोरफडीचे क्रीम बनवतो. ते टिकावे म्हणून आणलेल्या फिनॉक्सीइथेनॉलच्या एमएसडीएसमध्ये (रसायनाच्या सुरक्षा माहिती पत्रकात) ‘गिळल्यास अपायकारक’ आणि ‘डोळ्यांना गंभीर इजा करते’ असे लिहिले आहे. हे रसायन चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. मात्र हे पत्रक बाटलीतले शुद्ध रसायन हाताळणाऱ्यांसाठी लिहिलेले असते, त्यामुळे त्यातील इशारे तयार क्रीमला जसेच्या तसे लागू होत नाहीत. क्रीम बनवणाऱ्या ताईंना मात्र ते पुरेपूर लागू होतात. रसायन ओतताना चश्मा आणि हातमोजे हवेतच. थेंब डोळ्यात उडाल्यास डोळा न चोळता बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

पत्रकाच्या १६ भागांपैकी अकराव्या भागात विषारीपणाची माहिती असते. तिथला ‘एलडी ५०’ म्हणजे प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा. हा आकडा जितका मोठा, तितका पदार्थ कमी विषारी. पण तो एकदम दिलेल्या मात्रेचा असतो. रोज लावायच्या क्रीमसाठी विषशास्त्रज्ञ दुसराच हिशेब करतात. दीर्घकाळ रोज देऊनही अपाय न दिसलेली मात्रा ही शरीरात रोज जाणाऱ्या मात्रेच्या साधारणपणे निदान १०० पट असावी, असा त्यांचा दंडक आहे. समजा, ६० किलो वजनाची बाई रोज दीड ग्रॅम क्रीम लावते आणि त्यात हे रसायन १ टक्का आहे. तर ते सगळे त्वचेत मुरले असे धरले, तरी किलोमागे पाव मिलिग्रॅमच होते.

युरोपीय संघाने या रसायनाची कमाल मर्यादा १ टक्काच ठेवली आहे. ती पाळून ते वापरता येईल, परंतु चमच्याच्या अंदाजाने कधीही घालू नये : ५०० ग्रॅमच्या घाण्यात फार तर ५ ग्रॅम, तेही ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर तोलून. पत्रकावरचा कॅस क्रमांक (रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) १२२-९९-६ आहे ना, हे पाहावे आणि त्या बॅचचा तपासणी अहवालही मागावा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून माल घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रीम विकणार असाल, तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार उत्पादन परवाना लागतो. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी.