दुसऱ्या हॅरी पॉटरपासून सुरुवात? जरा थांबा

पहिला भाग 'पोरांचा' म्हणून गाळून थेट दुसरा सिनेमा 'चेंबर ऑफ सीक्रेट्स' लावू नका. नवखे हमखास इथेच फसतात. आधी २००१चा पहिला, मग २००२चा हा. हा १६१ मिनिटांचा आहे, तेव्हा रात्री अकराला लावून बसू नका.

सध्या एवढंच पाहा:

- डायरीच्या प्रसंगाला मोबाइल बाजूला ठेवा. कोऱ्या पानावर शाईचा थेंब पडतो, कागदात जिरतो, आणि हॅरीने लिहिलेल्या ओळीला उत्तर उमटतं. हे कसं, ते आत्ताच शोधत बसू नका. पुढे त्या डायरीचं काम पडणार आहे.
- सबटायटल्स लावा. मंत्र पहिल्या फेरीत मलाही कळले नव्हते.
- कोळ्यांचा प्रसंग लहान मुलांना दाखवण्याआधी स्वतः बघा.

तिसऱ्या भागात हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर वेगळा दिसेल, गोंधळू नका. ती भूमिका करणारे रिचर्ड हॅरिस २००२मध्येच वारले, पुढे त्यांच्या जागी मायकेल गॅम्बन आले.

आणि हो, शेवटी नावं सुरू झाली की टीव्ही बंद करायची घाई नको. ती संपल्यावर लॉकहार्ट या शिक्षकाचा एक छोटा तुकडा आहे, बहुतेकांचा हुकतो!