वाचक विचारतात : बाल्झाक वाचला नसेल तर ऑपेरा कळेल का?

प्रश्न : मुलगी पॅरिसला शिकते, तिच्या नादाने मी फ्रेंच ऑपेराचे तुकडे बघायला लागलोय. 'कार्मेन' आवडलं. आता ती म्हणते बाबा काहीतरी आजचं बघा, बाल्झाकवरचं 'ट्रॉम्प-ला-मॉर'. आधी कादंबऱ्या वाचाव्या लागतील का? आणि त्यात गाणी आहेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्या नका वाचू हो! बाल्झाक म्हणजे एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कादंबरीकार, त्याच्या 'ला कोमेदी ह्युमेन' या एका मालिकेतच नव्वदच्या आसपास कथा-कादंबऱ्या आहेत, मुलगी शिकून परत येईल तरी संपायच्या नाहीत. एकच जागा वाचा, 'इल्युझिओं पेर्द्यु'चा शेवट. कवी व्हायला पॅरिसला गेलेला ल्युसिएँ सगळं घालवून गावी आलाय, जीव द्यायला निघालाय, आणि रस्त्यात त्याला एक स्पॅनिश पाद्री भेटतो, म्हणतो मरतोस कशाला, माझं ऐक, पैसा-मानमरातब सगळं मिळवून देतो. हा पाद्री म्हणजे तुरुंगातून पळालेला व्होत्राँ, कैद्यांमध्ये त्याला मरणाला चकवणारा म्हणतात, तेच ऑपेराचं नाव. पुढच्या कादंबरीत हा सौदा केवढ्याला पडतो ते येतं. ल्युसिएँचं बड्या घरात लग्न लावायचं तर पैसा हवा, म्हणून त्याच्यावर जीव टाकणाऱ्या एस्थरला व्होत्राँ म्हाताऱ्या बँकर न्यूसिंजनला विकतो. ती विष घेते, ल्युसिएँ कोठडीत गळफास घेतो आणि व्होत्राँ? तो पोलिसात मोठा साहेब होतो. (हे अतिरंजित वाटेल, पण व्हिदॉक नावाचा खराखुरा गुन्हेगार असाच पोलिसात वर चढला होता, बाल्झाकला तो माहीत होता.)

आता ऑपेरा. लुका फ्रांचेस्कोनीने संगीतही केलं आणि संहिताही स्वतःच लिहिली, आणि गोष्ट ओळीने सांगायच्या भानगडीत तो पडलाच नाही. रस्त्यावर भेटलेल्या त्या दोघांचं बोलणं संपतच नाही, मधूनमधून येत राहतं, आणि अधेमधे पॅरिसमधले बॉल (नाचाचे समारंभ), दलाली, लफडी, म्हणजे तिकडे अजून आश्वासनं चाललीत आणि इकडे त्यांची वसुली सुरू पण झालीय. कादंबरीत या दोन गोष्टींच्या मधे शेकडो पानं जातात, इथे त्या शेजारीशेजारी ऐकू येतात, आणि हे फक्त रंगमंचावरच जमू शकतं असं मला वाटतं. गेलं काय, तर बाल्झाकचे हिशोब. कर्ज, व्याज, हुंड्या, कोण कुणाला किती देणं लागतो, हे सगळं गायला कसं लावणार? पण त्यामुळे न्यूसिंजन फिका पडतो, कादंबरीत तो भीतीदायक वाटतो कारण त्याचा पैसा कुठून येतो ते आपल्याला दिसतं, इथे तो बराचसा लाळ गाळणारा म्हाताराच उरतो.

पहिला प्रयोग मार्च 2017 मध्ये पॅरिसच्या पॅले गार्निए या ऑपेरागृहात झाला. व्होत्राँ लॉराँ नाउरी, एस्थर ज्युली फुक्स, ल्युसिएँ सिरिल द्युब्वा, ऑर्केस्ट्रा सुझाना मल्कीच्या हातात. दिग्दर्शक गी कासिर्सने मागच्या पडद्यांवर चक्क त्याच इमारतीची दृश्यं वापरली. आणि गंमत बघा, व्होत्राँ-ल्युसिएँची ती दुसरी कादंबरी सुरूच होते ती 1824 च्या, पॅरिसच्या ऑपेरागृहातल्या मुखवट्यांच्या बॉलपासून. इमारत तीच नाही अर्थात, गार्निए उघडलं 1875 ला, बाल्झाक 1850 लाच गेला, पण नटूनथटून आलेल्या प्रेक्षकांना समोर आपल्यासारखेच नटूनथटून आलेले लोक माणसांचे भाव करताना दिसतात, ही चपराक बरोबर बसते.

गाण्यांचं म्हणाल तर नाट्यसंगीतासारखं पद संपलं, वन्समोअर मिळाला, असं काही नाही. सलग आहे, ऑर्केस्ट्रा दाट आहे, कार्मेनसारखं गुणगुणत बाहेर येणार नाही तुम्ही. पहिल्यांदा नाउरीच्या आवाजाला धरून राहा, बाकीचं पकडायची धडपड नको.

प्रश्न : संगीतकार इटालियन, मग ऑपेरा फ्रेंचमध्ये का? – वाचक, डोंबिवली

उत्तर : कारण मागणी पॅरिस ऑपेराची होती. तेव्हाचे संचालक स्तेफान लिस्नर यांना फ्रेंच साहित्यावर नव्या ऑपेरांची मालिका हवी होती, बाल्झाकनंतर रासिन आणि क्लोदेलच्या नाटकांवरची आली. फ्रेंच येत नसलं तरी अडत नाही, तिथे रंगमंचाच्या वर शब्द फ्रेंच आणि इंग्रजीत दिसतात.

प्रश्न : एवढी गुंतागुंत झेपणार नाही, साधं काही सुचवा ना. – वाचक, नाशिक

उत्तर : मग 'क्लोद'. व्हिक्टर ह्युगोच्या 1834 च्या छोट्या कथेवरचं, गोष्ट सरळ : तुरुंगात भुकेल्या क्लोदला सोबतचा कैदी अल्बँ स्वतःची अर्धी भाकर देतो, अधिकारी मुद्दाम दोघांना वेगळं करतो, क्लोद त्या अधिकाऱ्याला ठार मारतो आणि गिलोटिनवर जातो. संगीत तिएरी एस्केशचं, पहिला प्रयोग फ्रान्समधल्या लिओंला 2013 मध्ये. आणि संहिता कुणाची, तर रोबेर बादँतेर, म्हणजे ज्यांनी न्यायमंत्री असताना 1981 ला फ्रान्समधली मृत्युदंडाची शिक्षाच रद्द करून घेतली ते! त्यामुळे काही ठिकाणी संहिता कोर्टातल्या भाषणासारखी होते, पण त्या माणसाने ते लिहिलंय म्हटल्यावर मला ते खटकलं नाही.