व्हीएने व्रणांना शून्य टक्के दिले, अपील करावं का?

ताई, तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: यजमान यूएस आर्मीत होते. नोकरीतच डावा हात कोपराखाली भाजला, त्याचा मोठा व्रण आहे. नंतर गुडघ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्याचे दोन लहान व्रण आहेत. व्हीएने, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने, गुडघ्याला १० टक्के अपंगत्व दिलं आणि तिन्ही व्रणांना मिळून शून्य. पत्र येऊन चार महिने झालेत. वर्षाअखेर पुण्याला परतायचंय, म्हणून यजमान म्हणतात, सोडून दे.

सोडू नका. मीही त्याच सैन्यात मेडिक होतो, आता माजी सैनिकांचे दावे भरून द्यायला मदत करतो. व्रणांचे शून्य टक्के हातात धरून येणारी माणसं सारखी भेटतात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं म्हणणं रास्त असतं.

आधी एक लक्षात घ्या. शून्य टक्के मिळाले याचा अर्थ हे व्रण सैन्यातल्या नोकरीमुळेच झाले, हे सरकारने मान्य केलंय. सगळ्यात अवघड टप्पा तोच असतो. आता वाद फक्त किती टक्के, एवढाच उरलाय.

टक्के कसे ठरतात ते नियमात लिहिलेलं आहे. व्रण चेहरा, डोकं किंवा मानेवर असेल तर विद्रूपतेचे आठ निकष लावतात, तो भाग तुमच्याकडे येत नाही. हातापायाच्या व्रणाखालच्या मऊ पेशींना इजा झाली असेल तर ३९ चौरस सेंटिमीटरपासून १० टक्के सुरू होतात. ९ बाय ५ सेंटिमीटरचा व्रण झाला की तुम्ही त्यात बसलात. पण इजा नुसती वरवरची ठरली, तर त्याच १० टक्क्यांसाठी ९२९ चौरस सेंटिमीटर लागतात, म्हणजे ए-फोरचे जवळजवळ दीड कागद. एवढा व्रण कितीजणांना असणार! म्हणून खाली इजा आहे की नाही, हे तपासणीच्या अहवालात स्पष्ट लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं.

तुमच्या कामाचा खरा नियम मात्र पुढचा, ७८०४ क्रमांकाचा. तिथे आकाराला किंमतच नाही, संख्येला आहे. दुखणारे किंवा ‘अस्थिर’ व्रण एक-दोन असतील तर १० टक्के, तीन-चार असतील तर २०, पाच किंवा जास्त असतील तर ३०. कोणत्याही कारणाने व्रणावरची कातडी वारंवार निघत असेल तर तो अस्थिर. एखादा व्रण दुखराही असेल आणि अस्थिरही, तर वर आणखी १० टक्के. गुडघ्यावरचे ते दोन बारके व्रणसुद्धा या हिशेबात एकेक म्हणून धरले जातात. तुम्ही लिहिलंय, हिवाळ्यात जॅकेटची बाही घासली की हाताच्या व्रणाची खपली निघते आणि शर्टाला डाग पडतो. ताई, अस्थिर व्रण म्हणतात तो हाच, आणि ही गोष्ट कागदावर कुठेच आलेली नाही असं मला वाटतं.

कशी येणार? तपासणीच्या खोलीत काय होतं ते सांगतो. तपासणारा मोजपट्टी लावतो, सेंटिमीटर टिपतो आणि विचारतो, दुखतं का? आपला माणूस सवयीने म्हणतो, ‘नाही, ठीक आहे.’ त्या दिवशी, त्या क्षणी दुखत नसतंही कदाचित. दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवय, त्यात फौजेची शिस्त. तपासणारा ‘दुखत नाही’च्या चौकटीत खूण करतो आणि तिथेच शून्य ठरतं. यात यजमानांना दोष देऊ नका, पण पुढच्या तपासणीला जाण्याआधी त्यांच्याशी नीट बोला. वाढवून काही सांगायचं नाही. कशाने दुखतं, आठवड्यातून किती वेळा, तेव्हा कोणतं काम सोडावं लागतं, एवढं खरंखरं सांगायचं. गुडघे टेकून बसल्यावर ते दोन व्रण टोचत असतील तर तेही.

म्हणून पहिलं काम अपिलाचं नाही, तपासणीचा अहवाल मिळवण्याचं. अर्ज २०-१०२०६ भरून तो मागता येतो. अहवालात वेदनेची नोंद नसेल, तर माझ्या मते तुमचा रस्ता ‘सप्लिमेंटल क्लेम’चा (अर्ज २०-०९९५). त्यात नवा, संबंधित पुरावा जोडता येतो आणि व्हीए पुन्हा तपासणीला बोलावू शकतं. उलट वेदनेची नोंद अहवालात आहे आणि तरी शून्य दिलंय, तर चूक निर्णय देणाऱ्याची. मग ‘हायर-लेव्हल रिव्ह्यू’ (२०-०९९६) मागा. तिथे नवा कागद चालत नाही, पण वरिष्ठ अधिकारी तीच फाइल नव्याने वाचतो आणि मागितलं तर फोनवर तुमचं म्हणणं ऐकतो. तिसरा रस्ता बोर्डाचा, म्हणजे व्हीएच्या अपील मंडळाचा. तो लांबचा आहे, एवढ्यासाठी मी आधीच तिकडे जाणार नाही.

फेब्रुवारी २०१९ पासून हीच पद्धत आहे. निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत यातलं काहीतरी दाखल केलं आणि पुढे टक्के वाढले, तर थकबाकी साधारणपणे मूळ दाव्याच्या तारखेपासून मिळते. वर्ष उलटलं तरी सप्लिमेंटल क्लेम करता येतो, पण मागची तारीख सहसा हातची जाते. तुमच्याकडे आठ महिने आहेत.

पुरावा काय जोडायचा? खपली निघालेली असेल त्या दिवशीचे रंगीत फोटो, शेजारी पट्टी ठेवून, काहीही फेरफार न करता. डॉक्टरांनी भरलेला व्रणांचा डीबीक्यू, म्हणजे व्हीएचा ठरावीक प्रश्नावलीचा फॉर्म. आणि तुमचं स्वतःचं निवेदन, अर्ज २१-१०२१० वर. रोज डोळ्यांनी बघता ते सांगायला तुम्ही डॉक्टर असायची गरज नाही, बायकोची साक्ष हा इथे रीतसर पुरावा आहे. मलम कोण लावतं, शर्ट किती वेळा भिजत घालावा लागतो, असं साधं लिहा. दोन्ही बाजूंचा पुरावा समसमान भरला, तर कायद्याने निकाल सैनिकाच्या बाजूने द्यावा लागतो.

गुडघ्याला १० टक्के दिलेत, मग तिथल्या व्रणाला वेगळं कसं, असं कोणी म्हटलं तर ‘एस्टेबन विरुद्ध ब्राउन’ हा १९९४ चा निकाल दाखवा. चेहऱ्याला झालेल्या एकाच दुखापतीत विद्रूपता, दुखरा व्रण आणि चावण्याच्या स्नायूंची इजा यांना न्यायालयाने वेगवेगळं धरलं होतं. गुडघा वाकत नाही ही एक तक्रार, कातडी दुखते ही दुसरी.

पैशाचं म्हणाल तर २०२५ च्या दराने १० टक्क्यांना महिन्याला १७५.५१ डॉलर मिळत होते, करमुक्त. तिन्ही व्रण दुखरे ठरून २० टक्के आले तर गुडघ्याच्या १० शी मिळून सूत्राने २८ होतात (दुसरे १० टक्के उरलेल्या ८० वर धरतात, म्हणजे ८) आणि ते ३० धरले जातात. तीसपासून पत्नीसाठी जास्तीची रक्कमही सुरू होते.

पहिल्या दाव्यासाठी कोणालाही फी घेता येत नाही. अपिलात वकील घेऊ शकतो, पण तो व्हीएची मान्यता असलेलाच हवा. ‘आम्ही टक्के वाढवून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यांना दारात उभं करू नका. माजी सैनिकांच्या संस्थांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात.

पुण्याला गेल्यावर भरपाई बंद होत नाही. मान्य झालेल्या दुखण्यांच्या उपचारांचा खर्चही ‘फॉरेन मेडिकल प्रोग्रॅम’मधून मिळू शकतो, त्यासाठी नाव आधी नोंदवून ठेवा. फेरतपासणी मात्र जमलं तर इथे असतानाच उरकून घ्या, म्हणजे अहवाल बघून सप्लिमेंटल क्लेमचा रस्ता ठरला तर तो लगेच टाका. अहवाल हातात आला की त्यातलं वेदनेचं आणि मोजमापाचं पान, नाव-नंबर झाकून, इथेच टाका. मी वाचून सांगतो.