गाण्यांच्या आवडीवरून नव्या माणसाची पारख कितपत खरी ठरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी ओळख झाली की समोरचा कोणती गाणी ऐकतो हे विचारलं जातं, आणि उत्तर कानावर पडताच त्याच्याबद्दल मत बनून जातं. या मताला काही आधार असतो का, आणि असं मत बनवावं का?

आधार असतो, पण तो बारीक आणि बहुतांशी एकाच गुणापुरता. शास्त्रीय, मेटल, हिप-हॉप, गझल, लोकसंगीत अशा प्रकाराच्या नावावरून माणूस मायाळू आहे की तापट, कामाला वाघ आहे की चुकार, शब्दाचा पक्का आहे की नाही, यातलं काही कळत नाही. नव्या अनुभवांना, नव्या कल्पनांना तो किती मोकळा आहे याचा थोडासा अंदाज येतो. बाकी जे ‘कळलं’ असं वाटतं, ते त्या संगीतप्रकाराच्या चाहत्यांबद्दल आपल्या डोक्यात आधीपासून असलेलं चित्र असतं. मात्र माणूस आपल्या आवडीबद्दल बोलतो कसा आणि तुमच्या आवडीशी वागतो कसा, यात बरंच काही दिसतं. लक्ष द्यायचंच तर तिथे द्या.

आधी आकड्यांचं पाहू, कारण या विषयात लोक ठामपणे बोलतात आणि मोजतात मात्र कमी. पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉसलिंग या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आवडींचे चार मोठे गट मांडले आणि त्यांचा स्वभावाशी संबंध तपासला. २००६ मध्ये त्यांनी आणखी रंजक काम केलं. अनोळखी विद्यार्थ्यांना सहा आठवडे एकमेकांशी ओळख करून घ्यायला सांगितलं, तेव्हा पुस्तकं, चित्रपट, कपडे, खेळ या विषयांपेक्षा संगीताबद्दल बोलणं जास्त झालं. म्हणजे तुमच्या मनात येतं ते जगभर अनेकांच्या मनात येतं. दुसऱ्या भागात काही लोकांच्या सर्वांत आवडत्या दहा गाण्यांचा संच परक्या माणसांना ऐकवला आणि त्यावरून स्वभाव ओळखायला सांगितला. सगळ्यांत चांगला जमला तो नव्या अनुभवांबद्दलच्या मोकळेपणाचा अंदाज. शिस्त, नेटकेपणा यांबाबत मात्र गाण्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

मग २०१७ साली थॉमस शेफर आणि क्लाउडिया मेल्हॉर्न यांनी अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. स्वभावाचे पाच गुण आणि संगीताचे सहा गट यांच्या तीस जोड्या होतात. त्यांपैकी फक्त सहा जोड्यांत सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात याचं माप; ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.१ च्या वर गेला. ०.१ म्हणजे व्यवहारात किती ते सांगतो. समजा एखादा माणूस सरासरीपेक्षा जास्त बोलका आहे की कमी, एवढंच ओळखायचं आहे. नाणं उडवून १०० पैकी ५० वेळा बरोबर याल. ०.१ सहसंबंधाच्या आधारावर साधारण ५३ वेळा. ०.२ असला तरी ५६. हा तीन ते सहा गुणांचा फायदा हजारो लोकांच्या अभ्यासात दिसतो, समोर बसलेल्या एका माणसाबाबत त्याचा काही उपयोग नाही.

दहा गाण्यांवरून थोडं तरी जमतं आणि प्रकाराच्या नावावरून जवळजवळ काहीच जमत नाही, असं का? कारण नाव फार ढोबळ आहे. ‘रॉक’ या एका शब्दाखाली संथ, हळवी गाणीही येतात आणि कान बधिर करणारीही. दहा प्रत्यक्ष गाण्यांत लय, शब्द, आवाज, जुनं-नवं यांचं मिश्रण, एकाच छापाची निवड आहे की चौफेर, हे सगळं ऐकू येतं. तेव्हा पहिला व्यावहारिक नियम हा: प्रकार विचारू नका, गाणी विचारा. तीन पुरेत, दहा मिळाली तर उत्तम.

आता पारख चुकते कुठे ते पाहू. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवड ही माणसाने विचारपूर्वक केलेली निवड आहे असं धरून चालणं. आवडीचा मोठा भाग कानावर काय पडत राहिलं यावर ठरतो. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ सालीच दाखवलं होतं. वयाचाही भाग आहे: मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात लोकांना सर्वाधिक आवडलेली गाणी ती निघाली, जी ते साधारण २४ वर्षांचे असताना लोकप्रिय होती. म्हणजे एखाद्याच्या गाण्यांवरून त्याच्या जन्मसालाचा अंदाज स्वभावापेक्षा बरा येईल! आणि इतरांना काय आवडतं याचा दाब तर जबरदस्त. मॅथ्यू साल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली अनोळखी बँडची ४८ गाणी १४,००० हून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दिसत होतं, काहींना नाही. ज्यांना ते दिसत होतं त्यांचे आठ वेगवेगळे गट होते, आणि प्रत्येक गटात वेगळी गाणी वर आली. फार चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि फार वाईट क्वचितच वर आली, मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. जी आवड दुसऱ्या गटात पडल्यावर बदलली असती, तिच्यावरून माणसाचं अंतरंग कसं वाचणार?

दुसरी चूक उलट्या बाजूची आहे, आणि तिचा मला जास्त राग येतो. ‘मला सगळं आवडतं, फक्त ते तसलं नको’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. बेथनी ब्रायसन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली अमेरिकेतल्या सर्वेक्षणावरून दाखवलं की जास्त शिकलेले लोक कमी संगीतप्रकार नाकारतात. पण जे नाकारतात ते बहुधा कमी शिकलेल्यांना आवडणारे असतात. म्हणजे नापसंतीत सुरांइतकंच ते सूर ऐकणाऱ्या माणसांपासून अंतर राखणंही असतं. त्याआधी १९७९ मध्ये समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांनी फ्रेंच समाजाबद्दल हेच विस्ताराने मांडलं होतं: अभिरुची ही वर्ग ओळखण्याची आणि ओळखवण्याची खूण असते. तेव्हा कुणाची आवड ‘बटबटीत’ किंवा ‘थिल्लर’ वाटली, तर आधी स्वतःला विचारा की हे गाणं मला खटकतंय की ते ऐकणारे लोक? प्रामाणिक उत्तर दुसरं निघालं, तर ती पारख तिथेच सोडून द्या.

मेटल ऐकणाऱ्यांवर यातून फार अन्याय होतो. कर्कश संगीत ऐकणारा रागीट, हे समीकरण सोपं वाटतं. २०१५ साली लेआ शर्मन आणि जेनेव्हीव्ह डिंगल यांनी टोकाचं मेटल ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी राग आणला आणि मग त्यातल्या अर्ध्यांना त्यांचं संगीत ऐकू दिलं. त्यांचा राग वाढला नाही, उलट मन ताळ्यावर यायला मदत झाली. नमुना लहान होता, हे खरं. पण दुःखी गाणी ऐकणारा दुःखी आणि आरडाओरडा ऐकणारा भांडकुदळ, हे गृहीत धरायला काही आधार नाही. गाणं मनःस्थितीचा आरसा असू शकतं, तसंच तिच्यावरचा उताराही.

मग विचारायचं कसं? ‘कोणतं संगीत आवडतं?’ हा प्रश्न वाईट, कारण तो परीक्षेसारखा वाटतो. नव्या माणसाला तुमची आवड माहीत नसते, म्हणून तो जपून ‘सगळंच ऐकतो’ म्हणतो, आणि तुम्ही त्याला बेचव ठरवता. त्याऐवजी अलीकडची, ठोस गोष्ट विचारा: ‘काल-परवा सगळ्यात शेवटी काय ऐकलंस?’ याला खोटं उत्तर द्यायला विचार करावा लागतो, म्हणून बहुतेक जण खरं सांगतात. त्यानंतर ‘हे कुठून सापडलं?’ इथे माणूस खुलतो. भाऊ, जुना मित्र, एखादा वाईट महिना, शिकवणीतले गुरुजी, प्रवास, काहीही निघतं आणि ती माहिती गाण्याच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची असते. तिसरा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो: ‘पूर्वी खूप आवडायचं आणि आता नाही, असं काही?’ आपली बदललेली आवड माणूस कशा शब्दांत सांगतो ते ऐका. जुन्या स्वतःला तुच्छ लेखून बोलणारा आणि मायेने बोलणारा, यांतला फरक तिथे चटकन कळतो. हवं तर एवढं आणखी विचारा की गाण्यात आधी शब्द ऐकू येतात की चाल. शब्दांकडे लक्षच नसलेल्या माणसावर शब्दांवरून शिक्का मारण्याची चूक त्यामुळे टळते.

मोबाइलमधली यादी पाहून निष्कर्ष काढू नका. तिच्यात पोरांना झोपवायची गाणी, व्यायामाची, कामाच्या वेळी मागे चालू ठेवलेली, एकाच खात्यावर घरातल्या दुसऱ्या कुणी ऐकलेली, सगळं मिसळलेलं असतं. ॲप वर्षअखेरीला जी यादी दाखवतं तीही किती वेळा वाजलं ते दाखवते, किती जवळचं आहे ते नाही. चारचौघांत लावलेलं गाणं तर इतरांसाठीच निवडलेलं असतं.

आता वागणुकीच्या खुणा. तुम्ही एक गाणं ऐकवलंत तर तो ते पूर्ण होऊ देतो का, की तिसाव्या सेकंदाला आपलं लावतो? न आवडलेल्या गाण्यावर ‘बंद कर रे’ म्हणतो की ‘तुला यात काय आवडतं?’ असं विचारतो? ‘काय! हे ऐकलं नाहीस अजून?’ हे आनंदाने म्हणतो की तुम्हाला लहान करायला? पाच-दहा मिनिटं स्वतःच्या आवडीबद्दल बोलून झाल्यावर एकदा तरी तुमची विचारतो का? मात्र भरभरून बोलणाऱ्याला लगेच गर्विष्ठ ठरवू नका. वेड असलेला माणूस बोलतोच. दोघांतला फरक ओळखायला एक साधी युक्ती आहे. त्याला म्हणा, ‘मला यातलं काही कळत नाही, कुठून सुरुवात करू?’ ज्याला खरंच प्रेम आहे तो क्षणभर थांबतो, तुम्हाला काय आवडतं ते विचारतो आणि एखाद-दुसरं गाणं देतो. ज्याला छाप पाडायची आहे तो वीस नावं फेकतो. हेही एकाच भेटीवर ठरवू नका. पहिल्या भेटीत माणूस घाबरलेला असतो, म्हणून निदान तीनदा भेटा.

एका बाबतीत मात्र मत बनवणं मला योग्य वाटतं. गाण्याचे शब्द उघडपणे एखाद्या समाजाचा द्वेष पसरवत असतील किंवा हिंसेला चिथावत असतील आणि तो माणूस ते अभिमानाने ऐकत असेल, तर तिथे प्रश्न संगीताच्या आवडीचा राहत नाही. तरी आधी सरळ विचारा: ‘यात जे म्हटलंय ते तुला पटतं का?’ चालीसाठी ऐकणारा अनेकदा इथे अडखळतो आणि पहिल्यांदाच शब्द नीट ऐकतो. ‘हो, पटतं’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

‘मला गाण्यांची आवडच नाही’ असं म्हणणारा माणूस कोरडा, असंही समजू नका. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की काही लोकांना इतर सगळ्या सुखांचा आनंद घेता येतो, ऐकूही नीट येतं, गाण्यातला भाव ओळखता येतो, फक्त संगीतातून सुख मिळत नाही. शंभरात साधारण तीन ते पाच जण असे असावेत. त्यांना गाण्यांबद्दल खोदून विचारणं म्हणजे नाहक अवघडवणं; विषय बदला.

नोकरीची मुलाखत, भाडेकरूची निवड अशा ठिकाणी तर हा निकष लावूच नका, तिथे तो सरळ भेदभाव होतो. उलट एका खोलीत राहायचं असेल तर आवड कोणती यापेक्षा आवाज किती, रात्री किती वाजेपर्यंत, आणि हेडफोन वापरायची तयारी आहे का, हे तीन प्रश्न विचारा. भांडणं यांवरूनच होतात.

आणि तरीही ‘माझी पारख चुकत नाही’ असं वाटत असेल, तर मोजून बघा. पुढच्या दहा नव्या ओळखींत, फक्त गाण्यांची आवड कळल्यावर, प्रत्येकाबद्दल तीन हो-नाही अंदाज कागदावर तारखेसह लिहा. अंदाज तपासता येण्यासारखे हवेत: वेळेवर येतो का, दिलेली वस्तू आठवणीने परत करतो का, मतभेद झाला की आवाज चढवतो का. ‘मनाने चांगला आहे’ असला अंदाज नको, तो कधीच चुकत नाही. कागद तीन महिन्यांनी उघडा. तीस अंदाजांपैकी नुसत्या नाण्याने पंधरा बरोबर येतील. सोळा-सतरा आले तर तो नशिबाचाच खेळ समजा. वीस किंवा अधिक केवळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात साधारण पाच. तितके आले, तर तुमच्याकडे खरंच काहीतरी आहे आणि ते काय ते मला जाणून घ्यायला आवडेल.