कक्षेत संगणक पाठवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. कक्षेतल्या डेटा सेंटरवर काम करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. विषय आता निव्वळ कल्पनेचा राहिलेला नाही. २०१७ साली हेवलेट पॅकर्ड एंटरप्राइजने बाजारात मिळतो तसाच सर्व्हर अंतराळ स्थानकावर पाठवला आणि तो वर्षभराहून जास्त चालला. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारक्लाउड या कंपनीच्या उपग्रहासोबत एनव्हिडियाची एच१०० ही कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीची चिपही वर गेली. तुझ्या आराखड्यात सौरपट्ट्या, उष्णता बाहेर टाकणारे रेडिएटर, संपर्कासाठी लेझरचे दुवे असं सगळं नीट मांडलं आहेस. अवकाश हवामानाच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या किरणांच्या आणि कणांच्या वादळांच्या, वाट्याला मात्र एकच ओळ आली आहे: 'माहिती बाहेरून घेऊ.' आज मी त्या एका ओळीबद्दलच लिहिणार आहे.

आधी कक्षेचं बघ. दिवस आणि रात्रीच्या सीमेवरून फिरणारी सूर्यसमकालिक कक्षा तू निवडलीस, कारण तिथे पट्ट्यांवर जवळजवळ अखंड ऊन पडतं. ते पटलं. पण ही कक्षा प्रत्येक फेरीत दोन्ही ध्रुवांजवळून जाते, आणि सौर वादळात प्रोटॉन पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत शिरतात तेही तिथूनच. शिवाय ब्राझील आणि दक्षिण अटलांटिकवर किरणोत्सर्गाचा पट्टा खाली उतरलेला असतो. तो भागही तुला रोज ओलांडावा लागेल. म्हणजे वीज जास्त मिळावी म्हणून घेतलेल्या निर्णयाबरोबर या कणांमुळे होणाऱ्या मेमरीतल्या चुकाही पदरात आल्या.

सूर्याकडून जे येतं ते एकदम येत नाही. सौरज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात. आपल्याला ज्वाला दिसते तेव्हा ते आलेलेच असतात. त्यांचा त्रास रेडिओ संपर्काला होतो, तुझ्या प्रोसेसरला फारसा नाही. मोठ्या उद्रेकात वेगवान प्रोटॉन काही मिनिटांत, फार तर काही तासांत येतात. मेमरीतला शून्याचा एक करणारे ते हेच. सूर्याने फेकलेला प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, ढग सगळ्यात शेवटी, साधारण एक ते तीन दिवसांनी येतो. तो चुंबकीय वादळ उठवतो, वरचं वातावरण तापून फुगतं आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवरचं घर्षण वाढतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह असेच गेले. वादळ काही फार मोठं नव्हतं. उपग्रह सुमारे २१० किलोमीटर उंचीवर होते, तेवढं पुरलं.

या ढगाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. तो किती झोडपणार, हे त्याच्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत येते. ही दिशा खात्रीने कळते ती ढग एल१ बिंदूवरून जाताना, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर. आपल्या आदित्य एल१ या यानावरचा चुंबकमापी तिथेच मोजमाप करतो. तिथून ढगाला इथे यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, वेगवान असेल तर त्याहून कमी. तुझ्या उपग्रहाची एक फेरी दीड तासाची. जमिनीवरच्या केंद्राशी गाठ पडेपर्यंत वादळ येऊन ठेपलेलं असू शकतं. म्हणून काम कधी थांबवायचं, चेकपॉइंट, म्हणजे झालेल्या कामाची जपून ठेवलेली प्रत, किती वेळाने घ्यायचा, कोणता हिशेब दोनदा करून ताडून बघायचा, हे उपग्रहाला कक्षेतच, स्वतःचं स्वतः ठरवता आलं पाहिजे.

आणि तो ठरवू शकतो, कारण त्याच्याकडे मोजमापाचं साधन आधीपासूनच आहे. मेमरीतली चूक दुरुस्त करणारी यंत्रणा प्रत्येक दुरुस्ती मोजत असते. बहुतेक अभियंते तो आकडा देखभालीच्या नोंदीत टाकून विसरतात. मार्स एक्सप्रेस आणि रोझेटा या यानांवरच्या अशाच मोजण्यांवरून संशोधकांनी वैश्विक किरणांचे वर्षानुवर्षांचे चढउतार शोधून काढले. तुझ्याकडे तर एका उपग्रहात शेकडो गिगाबाइट मेमरी असेल! तो आकडा वेळ आणि जागेसकट नोंदव आणि सर्वांसाठी खुला कर. त्याने तुझं यंत्र सावध होईल, आणि अवकाश हवामानाच्या अभ्यासकांना ध्रुवांवरची निरीक्षणं मिळतील.

सलग नोंदींची किंमत काय असते, ते आपल्याकडेच बघायला मिळतं. २ सप्टेंबर १८५९ चं महावादळ कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलं: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (हे त्या क्षेत्राचं एकक) घट. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने काढली गेली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली, ती आजही चालू आहेत. परवानगी मिळाली तर तिथे जाऊन ये.

तोवर एक काम कर. १० आणि ११ मे २०२४ चं वादळ घे, लडाखमध्ये हानलेहून तांबडा प्रकाश दिसला होता ते. आदित्यची विदा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर आहे, जमिनीवरची पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेकडे. दोन्ही एकाच वेळरेषेवर मांड. त्याखाली तुझ्या उपग्रहाने त्या दोन दिवसांत दर मिनिटाला काय केलं असतं, ते लिही आणि मला पाठव. नोकरीच्या अर्जाचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मॅडम