‘जनुकीय नियमन’ की ‘आनुवंशिक नियंत्रण’?

कोंबड्यांमधील मेलाटोनिन या संप्रेरकाच्या निर्मितीवरील लेखाचे भाषांतर करताना ‘आनुवंशिक नियंत्रण’ म्हणावे की ‘जनुकीय नियमन’, असा प्रश्न एका भाषांतरकाराने विचारला आहे. माझा कौल ‘जनुकीय नियमन’ या शब्दप्रयोगाला आहे.

व्युत्पत्ती येथे फारशी कामाला येत नाही, कारण ‘नियमन’ आणि ‘नियंत्रण’ हे दोन्ही शब्द अखेर ‘यम्’ म्हणजे आवरणे या एकाच संस्कृत धातूकडे जातात. मराठीतल्या वापराने मात्र त्यांच्या वाटा बऱ्याच वेगळ्या केल्या आहेत. रोगनियंत्रण, पूरनियंत्रण किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणताना नकोशी गोष्ट आटोक्यात आणणे अभिप्रेत असते; ‘संततिनियमन’ किंवा ‘शरीराच्या तापमानाचे नियमन’ म्हणताना प्रमाण आणि वेळ राखणे अभिप्रेत असते.

मेलाटोनिनच्या बाबतीत घडते ते दुसऱ्या प्रकारचे. कोंबडीच्या मेंदूतील पिनियल ग्रंथीत सेरोटोनिन या रसायनापासून दोन टप्प्यांत मेलाटोनिन तयार होते आणि त्यांपैकी पहिल्या टप्प्यातले ‘एएएनएटी’ हे विकर (एन्झाइम) रात्री वाढते व दिवसा घटते. या विकराच्या जनुकाच्या आरंभी ‘ई-बॉक्स’ नावाचा डीएनएचा एक छोटा क्रम असतो. पेशीतल्या जैविक घड्याळाची प्रथिने जोडीने त्यावर बसून जनुकाला चालना देतात. ग्रंथीच्या पेशी वेगळ्या काढून बशीत, अखंड अंधारात वाढवल्या तरी हा चढउतार काही दिवस चालू राहतो. या पेशींना उजेडही स्वतःच जाणवतो आणि त्यासाठी त्यांच्यात असलेले ‘पिनॉप्सिन’ हे प्रथिन 1994 मध्ये कोंबडीतच ओळखले गेले. पिनियल ग्रंथीला मराठीत ‘तृतीय नेत्र पिंड’ असेही म्हटले जाते. माणसापेक्षा कोंबडीला ते नाव अधिक शोभते.

‘आनुवंशिक’ मला येथे चुकीचाच वाटतो, कारण तो पिढीकडून पिढीकडे जाणाऱ्या गुणांसाठी राखलेला शब्द आहे. कोंबड्याच्या तुऱ्याचा आकार आनुवंशिक असतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले ते अशाच तुऱ्यांच्या आधारे. एएएनएटीचे जनुक मात्र दिवसा आणि रात्री तेच असते, बदलते ती त्याची अभिव्यक्ती, म्हणजे ते किती कार्यरत आहे ते, आणि म्हणून ‘जनुकीय’ हेच विशेषण योग्य ठरते. शिवाय ‘जनुकांचे नियमन’ आणि ‘जनुकांनी केलेले नियमन’ हे त्याचे दोन्ही अर्थ येथे लागू पडतात, कारण घड्याळाची जनुके एएएनएटीच्या जनुकाचे नियमन करतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. अंधारात अचानक उजेड पडला की तयार झालेले विकरच पेशीकडून झपाट्याने मोडले जाते. ही क्रिया जनुकाच्या नव्हे, प्रथिनाच्या पातळीवरची आहे. मूळ लेखात तिचाही विचार असेल, तर ‘जनुकीय’ वगळून ‘मेलाटोनिनच्या निर्मितीचे नियमन’ एवढेच लिहावे.